जहाजावर आईचं एकच काम होतं

हळद शिजवून पटांगणात वाळत घातली की ती रोज पायानं हलवावी लागते. नाहीतर वरची वाळते आणि खालची तशीच ओली राहते. किश्शांचंही तसंच असावं. आम्ही जहाजावरून परत आलो तेव्हा सांगण्यासारखे दोन-चारच होते. मग कुणी चहाला आलं की एक हलवला जायचा, त्याच्याखालून दुसरा निघायचा. आता आमच्या ओसरीवर त्यांचा असा ढीग झालाय की पाहुणे फर्माईश करतात, "नागोराव, तेवढा बटाट्याचा होऊन जाऊ द्या." आप्पा सांगतात. सगळे हसतात. आई तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जाते.

आधी मंडळी कोण ते सांगते. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, औंढ्यापासून जवळ. पाण्याच्या नियोजनाचं शिक्षण घ्यायला मी आधी दिल्लीला आणि मग थेट हॉलंडला गेले, आणि दोन वर्षांपूर्वी परत आले. परत यायचंच, असं ठरवूनच गेले होते. शिकलेल्यांनी पाठ फिरवली म्हणून आपली गावं मागं राहिली, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. सध्या हळद पिकवणाऱ्या बायकांच्या गटाचं काम करते.

माझा धाकटा भाऊ संदीप, म्हणजे संदू, बरोबर उलट दिशेला गेला. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून तो एका मोठ्या प्रवासी जहाजावर असिस्टंट वेटर झाला. टेबल मांडायचं, पाणी भरायचं, उष्टी ताटं उचलायची. गावात त्यानं सांगितलं होतं, ऑफिसर. मागच्या दोन सुट्ट्यांना तो घरीच आला नव्हता. एक कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसरं धरायचा.

मोसम बदलला की अशी जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातात. संदूचं जहाज मुंबईहून निघून मॉरिशसला थांबून दक्षिण आफ्रिकेला चाललं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तिकिटात सवलत होती. आप्पा निघाले म्हणून त्यांचे जिवलग खाजाभाई निघाले. हिंगोलीत खाजाभाईंचं मंडप आणि भांडी भाड्यानं द्यायचं दुकान आहे, आणि आमचे आप्पा पंचक्रोशीतल्या प्रत्येक पंगतीचे मुख्य वाढपी. एका पातेल्याच्या दोन कड्या असाव्यात तशी दोघांची दोस्ती.

आईला समुद्राचं काही नव्हतं. बॅग भरतानाच तिनं सांगून टाकलं, "मला पाणी बघायचं न्हाई. लेकराला समोर बसवून एकडाव पोटभर जेवू घालायचं हाय. ते घरी येईना, तर आपुन जाऊ."

*

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची कवायत असते. भोंगा वाजला की ठरलेल्या हॉलमध्ये जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. खाजाभाईंना हे काही पटेना.

"अजून सुटली न्हाई, तर बुडायची तयारी? आमी मंडप टाकताना पावसाचं नाव बी घेत न्हाई."

हॉलमध्ये पुढं नारिंगी जॅकेट घालून जो उभा राहिला तो संदूच होता. चढताना तो भेटला नव्हता, ड्यूटीवर होता. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळानं आई त्याला बघत होती, ते असं. लाउडस्पीकरवरून इंग्रजीत सूचना चालल्या होत्या आणि संदू पट्टा, बक्कल, शिट्टी असं एकेक दाखवत होता. नजर सरळ समोर. आईनं हात हलवला. त्यानं बघितलं नाही.

मग आई उठली. माणसांतून वाट काढत पुढं गेली आणि जॅकेटाखाली दुमडलेली त्याची कॉलर तिनं सरळ केली.

"बारीक झालास."

"आई, खाली बस," संदू ओठ न हलवता म्हणाला. "ड्यूटी चालू हाय."

आई परत येऊन बसली. शेजारी एक गोरी बाई हे सगळं फार लक्ष देऊन बघत होती. तिनं आपलं जॅकेट चढवलं, पट्टा आवळला, शिट्टी तपासली, आणि मग वळून नवऱ्याची कॉलर सरळ केली.

*

आमच्या केबिनना खिडकी नव्हती. त्याऐवजी टीव्हीवर एक चॅनल होतं, त्यावर जहाजाच्या पुढचा कॅमेरा दिवसभर समुद्र दाखवायचा. पहिले दोन दिवस खाजाभाई पलंगावर मांडी घालून तेच बघत बसले.

"चाचा, वर चला ना. खरा समुद्र बघू."

"बेटी, हितं तोच दिसून राहिला की. वर उगीच वारा लागतो."

शेवटी आप्पांनी त्यांना ओढून डेकवर नेलं. दोघं कठडा धरून उभे राहिले. चारी बाजूंना पाणी, दुसरं काही नाही. आप्पांचा जन्म कॅनॉलला पाणी कधी सुटतं याची वाट बघण्यात गेलेला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खाजा, एवढं पाणी. अन् कुटंच एक मोटार लावलेली न्हाई."

"कनेक्शन भेटलं नसंल," खाजाभाई म्हणाले.

मी समुद्राच्या खारेपणाबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात दाबला. ती समुद्राकडं पाठ करून उभी होती. काचेच्या दारातून आतलं रेस्टॉरंट दिसत होतं आणि तिथं संदू वाकून एक टेबल पुसत होता.

"मुक्ते, हितं ऑफिसर लोकंच टेबल पुसतेत का?"

"हो," मी म्हणाले.

"बरं हाय," आई म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि मला तेच जड गेलं.

*

आता बटाट्याचा.

आमच्याकडं सप्त्याच्या पंगतीची एक रीत आहे. पहिली पंगत जेवून उठली की तिनं दुसऱ्या पंगतीला वाढायचं. जेवून सरळ घरी जाणाऱ्या माणसाला गावात कुणी चांगलं म्हणत नाही. आणि वाढायचं म्हणजे आग्रह करून. जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला की तो लाजतोय असं समजायचं आणि बोटांच्या फटीतून वाढायचं.

जहाजावरही जेवणाच्या दोन पाळ्या होत्या. आमची पहिली. तिसऱ्या दिवशी आप्पा जेवून उठले, तर दारात दुसऱ्या पाळीची माणसं उभी आणि वाढणाऱ्या पोरांची नुसती धावपळ. आप्पांना राहवलं नाही. त्यांनी नॅपकिन कंबरेला खोचला, बाजूच्या टेबलावरचं रस्सा-बटाट्याचं मोठं भांडं उचललं आणि सुरुवात केली.

"घ्या माय. घ्या. लाजू नका."

लोकांना वाटलं, जहाजाचा काही खास कार्यक्रम आहे. त्यांनी फोटो काढले. चौथ्या टेबलावर एक जर्मन आजी बसल्या होत्या. त्यांनी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. आप्पांनी रीतीप्रमाणं वाढलं. रस्सा मनगटावरून घड्याळात गेला.

हेड वेटर धावत आला. उंच, गोरा, आवाज न चढवता रागावणारा माणूस. त्यानं संदूला बोलावलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण?

संदू ताठ उभा होता. हातात उष्ट्या ताटांची चळत. "गेस्ट आहेत, सर," तो म्हणाला.

आप्पांना इंग्रजी येत नाही, पण हिंगोलीच्या गेस्ट हाउसमुळं तेवढा शब्द येतो. त्यांनी भांडं खाली ठेवलं, नॅपकिनची घडी केली आणि बाहेर आले.

ओसरीवर किस्सा इथंच संपतो, कारण लोक घड्याळापाशीच हसून लोळतात. पण त्या संध्याकाळी डेकवर आप्पा खाजाभाईंना म्हणाले, "पोरानं पाहुणा म्हनलं मला."

"मग? पाहुण्याला लई मान असतो, नागोराव."

"व्हय," आप्पा म्हणाले. "बापाहून जास्तच असतो."

जर्मन आजींचं मात्र आमच्याशी जमलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घड्याळ काढून जेवायला बसायच्या.

*

आई रोज टेबलावर बसायची आणि संदू जेवला का हे कळेपर्यंत ताटाला हात लावायची नाही. संदू पाण्याचा जग घेऊन आला की विचारायची, "जेवलास का?"

"जेवलो."

"कवा?"

"खाली. झालं माझं."

खाली म्हणजे पोरांच्या मेसमध्ये, दोन पाळ्यांच्या मधल्या फटीत, उभ्या-उभ्या. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. पण आईचा अंदाज पक्का असतो. ती गावाहून दशम्या आणि शेंगदाण्याची तेलातली चटणी घेऊन आली होती. एका दुपारी संदू ताट उचलायला वाकला, तेव्हा तिनं चटणी घातलेल्या दशमीची गुंडाळी त्याच्या पांढऱ्या जॅकेटच्या खिशात सरकवली. त्याला कळलंच नाही. अर्ध्या तासात खिशावर लाल-पिवळा सूर्य उगवला.

जहाजाच्या लॉन्ड्रीत इंडोनेशियाचा एक म्हातारा कामगार होता. संदू जॅकेट घेऊन त्याच्याकडं गेला आणि सॉस सांडला म्हणून सांगू लागला. म्हाताऱ्यानं डाग बघितला, नाकाजवळ नेला, आणि विचारलं, "आई किती दिवस आहे जहाजावर?"

हे संदूनंच आम्हाला सांगितलं. सांगताना इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच कुणीतरी हाक मारली, तो ते पुसून गेला.

"दशमी खाल्लीस का पर?" आईनं त्याच्या पाठीला विचारलं.

*

खाजाभाई नमाजाचे पक्के. जमिनीवर काही अडचण नसते, दिशा एकदा कळली की कळली. पण जहाज वळतं. टीव्हीवर नकाशाचंही एक चॅनल होतं, त्यात जहाजाचं तोंड कुठं आहे ते दिसायचं. खाजाभाई ते बघून चटई अंथरायचे आणि ती जबाबदारी आप्पांनी आपणहून घेतली.

एकदा खाजाभाई नमाजाला उभे राहिले आणि पलंगावर बसलेल्या आप्पांनी नकाशा बघून हळूच सांगितलं, "खाजा, बोट वळून राहिली. तू बी जरा वळ."

नमाज संपल्यावर खाजाभाई म्हणाले, "नागोराव, मधात बोलायचं नसतं. एकदा उभा राहिलो की वरचा सांभाळून घेतो."

"आन् बोटीनं फसवलं तर?"

"त्येला बोटीची तकलीफ माहीत हाय."

आप्पांना पटलं, पण पूर्ण नाही. पुढं ते आधीच नकाशावर नजर ठेवून बसायचे आणि जहाज वळायचं लक्षण दिसलं की खाजाभाईंना म्हणायचे, "थांब जरा. होऊ दे तिचं."

एके दिवशी खाजाभाईंनी दुआला हात धरले ते बराच वेळ खाली आणले नाहीत. आप्पांनी विचारलं, "आज काय मागितलंस एवढं?"

"वैनीसाठी अर्धा घंटा मागितला," खाजाभाई म्हणाले. "पोराचा."

*

हे ऐकल्यावर मात्र मला राहवेना. मागितल्यावर मिळतं ते वरच्याकडून नाही, समोरच्याकडून, अशी माझी निष्ठा आहे. मी तडक प्रवाशांच्या मदत-डेस्कवर गेले. तिथं फिलिपिन्सची एक शांत मुलगी बसली होती. मी माणसाच्या प्रतिष्ठेपासून सुरुवात केली. श्रम करणाऱ्याला बसून जेवायचा हक्क नसेल तर या सगळ्या झुंबरांना काय अर्थ आहे, हे विचारलं. एक आई इतके दिवस लेकाच्या हातचं पाणी पिते आणि त्याला घास देऊ शकत नाही, ही कुठली संस्कृती, हेही विचारलं. माझ्या मागं रांग लागली. रांगेतल्या एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅम, तुमच्या भावानं परवानगी मागितली का?"

"म्हणजे?"

"घरचे जहाजावर असले की एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसून जेवता येतं. हेड वेटरला फक्त विचारायचं. ते कुणाला नाही म्हणत नाहीत."

मी रांगेतून बाहेर आले. संदूला एका जिन्यापाशी गाठलं.

"तू विचारलंच नाहीस?"

तो खाली बघत होता. "ताई, मी टेबलावर बसलो की वाढणारे माझेच दोस्त असतील. ते मला सँडी म्हणतेत, मजाक करतेत. चार नंबर पुसलास का, म्हणून वरडतेत. आपली माणसं हायेत म्हणून तुमचं टेबल मी बघतो, असं आईला सांगितलंय. तिच्या मनात मी ऑफिसरच हाय. तेवढं राहू दे ना."

"आईनं तुला टेबल पुसताना बघितलंय. अगदी सुरुवातीलाच."

त्यानं झटकन माझ्याकडं बघितलं.

"मग तिनं काहून इचारलं न्हाई?"

"तू सांगशील म्हणून."

गाव सोडून जाणाऱ्यांना ऐकवायचं माझं एक भाषण तयार असतं. ते त्या जिन्यावर मला एका शब्दानंही आठवलं नाही. संदू म्हणाला, "इचारतो," आणि वर गेला. हेड वेटरनं शेवटची संध्याकाळ दिली.

*

त्याआधी मॉरिशस आलं. संदूला काही तासांची सुट्टी मिळाली आणि तो आमच्याबरोबर खाली उतरला. आईनं त्याच्यासाठी आणलेला निळा शर्ट त्यानं घातला होता. आई त्याच्या शेजारून चालत होती. "गरम हाय," आई म्हणायची. "व्हय," संदू म्हणायचा. थोडं चाललं की आई पुन्हा म्हणायची, "वारं बी हाय पर."

बंदराच्या फाटकाबाहेर एक दुकान होतं, तिथं फुकट वायफाय मिळायचं. जगातल्या सगळ्या बंदरांत असा एक कोपरा असतो म्हणे. जहाजावरची पोरंपोरी फुटपाथवर ओळीनं बसून आपापल्या देशातल्या आयांशी बोलत होती. संदूची पावलं तिकडं आपोआप वळली. तोही त्या ओळीत जाऊन बसला, फोन काढला, बटण दाबलं, आणि आईच्या पिशवीत फोन वाजला. तिच्या फोनला मी माझ्या सिमचं नेट जोडून दिलं होतं.

संदूनं मान वर केली. त्याला आपण काय केलं ते कळलं असणार, पण त्यानं फोन बंद केला नाही. आईनंही तो उचलला. ती आमच्याबरोबर रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली उभी होती.

"जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"मी बी."

आणि मग दोघं बोलायला लागले. आई त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली, तो मान खाली घालून बसला. गुडघा दुखतो ते त्यानं सांगितलं. शेजारच्या बंकवरचा पोरगा घोरतो ते सांगितलं. आईनं गायीचं सांगितलं, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं.

"आई," त्याचा आवाज आला. माझ्या जवळच आईचा फोन होता म्हणून मला ऐकू आलं. "मी ऑफिसर न्हाई."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "गुडघ्याला तेल लावत जा."

आप्पा आणि खाजाभाई झाडाच्या पारावर बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. शेवटी आप्पा म्हणाले, "हितं रेंज लई चांगली हाय बगा."

*

शेवटची संध्याकाळ. हा किस्सा ओसरीवर कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही कोपऱ्यातल्या गोल टेबलावर बसलो होतो. संदू निळ्या शर्टात आला. छातीवर नावाची पट्टी होती, ती कुठंही काढता येत नाही. खुर्ची ओढून आई आणि आप्पांच्या मधे बसला. वाढायला त्याचे दोस्त होते. कुणी त्याला सँडी म्हटलं नाही, कुणी मजाक केला नाही. उलट एकानं त्याच्या मांडीवर नॅपकिन पसरला, तेव्हा संदूच लाजला. आप्पांनी उठून वाढायचं नाही असं कबूल केलं होतं. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

खालच्या मेसच्या स्वयंपाक्यानं आईसाठी म्हणून वरण-भात आणि वांग्याची भाजी पाठवली होती. आईनं कुणाला वाढू दिलं नाही. संदूचं ताट तिनं स्वतःकडं ओढलं. आधी भात, त्यावर वरण, बाजूला भाजी, तुपाऐवजी लोणी मिळालं ते. पोळी नव्हती, तिची शेवटची दशमी तिनं पिशवीतून काढली. ताट पुन्हा त्याच्यासमोर सरकवलं.

"जेव, लेकरा. सावकाश."

खाजाभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं. आईनं आपलं ताट वाढून घेतलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, समोर लेक जेवत असताना, तिनं भाताला हात लावला. ती वरण-भात कालवायला लागली. ती फार निगुतीनं कालवते, कडेकडेनं आत. कालवता-कालवता सांगत होती, की तुझ्या खोलीतलं कपाट तसंच ठेवलंय, की पपईला फळं धरलीत, की मामा विचारत असतात.

संदू मान खाली घालून जेवत होता. "हं," म्हणत होता. एका हातानं भात, दुसऱ्या हातानं पाणी. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. मला वाटलं, भूक लागली असेल. मग माझं लक्ष त्याच्या ताटाकडं गेलं. ते रिकामं होतं. आईच्या हातात अजून पहिला घास होता.

त्यानं तोंड पुसलं. नजर वर केली आणि ती आजूबाजूच्या टेबलांवरून फिरली. कुणाचा ग्लास रिकामा, कुणाचा सुरा खाली पडलेला. मग तो उठला. खुर्ची आवाज न करता मागं सारली. निळा शर्ट ताठ केला, डावा हात पाठीमागं नेला, आईच्या उजव्या बाजूनं कंबरेत वाकला आणि दुसरा हात तिच्या ताटाकडं नेला.

"आर यू फिनिश्ड, मॅम?"

आईनं त्याच्याकडं वर बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि तिनं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.